जाहीरनामा फ्रान्सचा, कसोटी गुलामांची

स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही मूल्ये आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत आहेत आणि शाळेच्या परिपाठात मुले त्यांचा उच्चार करतात. वरच्या वर्गात फ्रेंच राज्यक्रांतीचा पाठ शिकवताना मात्र एक प्रश्न हमखास पुढे येतो. ज्या युरोपाने अर्धे जग गुलाम केले, त्याच युरोपाकडून जगाने स्वातंत्र्याचा विचार घेतला काय? हा प्रश्न जिज्ञासेने विचारला जातो, तसाच कधी कधी संविधानातील मूल्ये उसनी व परकी आहेत असे सुचविण्यासाठीही विचारला जातो. म्हणून त्याचे उत्तर इतिहासाच्या आधारे समजून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

अठराव्या शतकात रूसो, व्होल्तेर, दिदरो आदी विचारवंतांनी युरोपातील जुन्या श्रद्धांना हादरा दिला. राजाची सत्ता ईश्वराने दिलेली नसते, बुद्धीला न पटणारी परंपरा प्रमाण मानू नये, हा विचार त्यांच्या लेखनातून पसरला. त्याची परिणती म्हणजे २६ ऑगस्ट १७८९ रोजी फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने संमत केलेला मानवी हक्कांचा जाहीरनामा. सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र व हक्कांनी समान असतात, हे त्याचे पहिलेच कलम. परंतु मालमत्तेचा हक्क पवित्र व अनुल्लंघनीय आहे, हे त्याचे शेवटचे, म्हणजे सतरावे कलम. वसाहतींतील मळेवाल्यांच्या लेखी गुलाम ही मालमत्ताच होती. एकाच जाहीरनाम्यातील ही दोन कलमे समोरासमोर उभी ठाकली ती फ्रान्सपासून हजारो मैल दूर, कॅरिबियन समुद्रातील एका वसाहतीत.

तिचे नाव सां-दोमँग, आजचा हैती. साखर व कॉफी यांच्या जोरावर ही फ्रान्सची सर्वांत श्रीमंत वसाहत बनली होती. आफ्रिकेतून धरून आणलेले व त्यांच्या वंशातील सुमारे पाच लाख गुलाम तेथे राबत होते. गोरे होते अवघे तीस हजारांच्या आसपास, आणि जवळपास तितकेच मिश्रवंशीय व मुक्त कृष्णवर्णीय. पॅरिसमधील जाहीरनाम्याची वार्ता पोहोचली तेव्हा गोऱ्या मळेवाल्यांनी त्यातून स्वतःपुरती स्वायत्तता मागितली. मुक्त मिश्रवंशीयांनी स्वतःपुरता मताधिकार मागितला. त्यांचा नेता व्हॅन्साँ ओजे याला १७९१ च्या आरंभी चाकावर हाडे मोडून ठार करण्यात आले. गुलामांविषयी त्यानेही फारसा आग्रह धरला नव्हता. प्रत्येक वर्ग 'माणूस' या शब्दाचा अर्थ आपल्यापर्यंत आणून थांबवत होता.

ऑगस्ट १७९१ मध्ये उत्तरेकडील मैदानातील गुलामांनी उठाव केला आणि उसाचे मळे पेटले. त्यांनी बहुधा एकही तत्त्वज्ञ वाचलेला नव्हता. गुलामीतून सुटण्याची त्यांची आस कोणत्याही ग्रंथाहून जुनी होती. जाहीरनाम्याने त्यांना जे दिले ते असे की, आपला प्रश्न फ्रान्सच्याच शब्दांत फ्रान्सपुढे मांडता आला. या लढ्याचा नेता तूसाँ लूव्हर्त्यूर स्वतः गुलामीत जन्मलेला होता. गुलामांमधून एक सूडकर्ता पुढारी उभा राहील, असे भाकीत करणारा आबे रेनाल यांचा ग्रंथ त्याने वाचला होता, असे सांगितले जाते. अखेर उठावाच्या रेट्यापुढे ४ फेब्रुवारी १७९४ रोजी फ्रान्सच्या कन्व्हेन्शनने सर्व वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली. जाहीरनाम्यानंतर साडेचार वर्षांनी त्याचे पहिले कलम काळ्या माणसाला लागू झाले, आणि ते त्याने लढून लागू करून घेतले.

पुढील इतिहास अधिक बोलका आहे. नेपोलियनने १८०२ मध्ये सैन्य पाठविले आणि त्याच वर्षी गुलामगिरीला पुन्हा कायद्याचा आधार दिला. तूसाँला बोलणीच्या बहाण्याने पकडून फ्रान्सच्या थंड डोंगरी किल्ल्यात डांबण्यात आले. तेथेच ७ एप्रिल १८०३ रोजी त्याचा अंत झाला. तरीही १ जानेवारी १८०४ रोजी देसालिनच्या नेतृत्वाखाली हैती स्वतंत्र झाला. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून मळेवाल्यांच्या 'नुकसानी'पोटी या लहानशा देशाकडून १५ कोटी फ्रँकची कबुली घेतली. पुढे ती रक्कम ९ कोटींवर आली, पण त्यासाठी काढलेल्या कर्जांचे ओझे विसाव्या शतकापर्यंत उतरले नाही. ज्यांना राबविले त्यांनीच राबविणाऱ्यांस भरपाई द्यावी, असा हा न्याय.

युरोपीय विचारातील ही फट अनेक ठिकाणी दिसते. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ साली व्यक्तिस्वातंत्र्याचा थोर ग्रंथ लिहिला. परंतु 'मागासलेल्या' समाजांना ते स्वातंत्र्य लागू नाही, असेही त्यात नमूद केले. त्यांची पस्तीस वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत गेली होती. वसाहतींतील विचारवंतांनी ही विसंगती ओळखली व तिचेच हत्यार केले. २ सप्टेंबर १९४५ रोजी हनोईत व्हिएतनामच्या स्वातंत्र्याची घोषणा करताना हो चि मिन्ह यांनी अमेरिकेच्या व फ्रान्सच्या जाहीरनाम्यांचेच दाखले दिले.

आपल्या देशात हा विचार दोन वाटांनी आला. इटलीच्या मॅझिनीचा राष्ट्रवाद लाला लजपतराय यांनी उर्दूत आणि वि. दा. सावरकर यांनी मराठीत आणला. त्याचा रोख परकीय सत्तेवर होता. दुसरी वाट याहून आधीची. जोतीराव फुले यांनी १८४७ च्या सुमारास थॉमस पेन यांचा 'राइट्स ऑफ मॅन' हा ग्रंथ वाचला आणि पुढच्याच वर्षी मुलींची शाळा काढली. १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ त्यांनी निग्रोंना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केला. सातासमुद्रापलीकडच्या मळ्यातील गुलाम आणि आपल्या गावातील शूद्रातिशूद्र यांचे दुःख एकाच मापाने मोजण्याची दृष्टी त्या काळात जोतीरावांनी दाखविली. परकीय सत्ता गेली तरी घरातील सत्ता कोण उठविणार, हा त्यांचा प्रश्न होता.

बाबासाहेबांनी हा प्रश्न तडीस नेला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या परिषदेत त्यांनी त्या सभेची तुलना १७८९ साली व्हर्साय येथे भरलेल्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. त्या परिषदेत जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा संमत झाला आणि मनुस्मृतीचे दहन झाले. मात्र ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी स्पष्ट केले की, स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत. आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणुकीतून ती घेतली आहेत.

या दोन विधानांत काहींना विसंगती वाटते. आम्हांस ती वाटत नाही, आणि हैतीचा इतिहास त्याचे कारण सांगतो. जाहीरनामा कसा लिहावा, सभा कशी भरवावी, हक्क कायद्यात कसे बांधावेत, हे फ्रान्सकडून शिकता येते. परंतु दुसऱ्याचे माणूसपण मनाने मान्य करण्याची वृत्ती कायद्याने येत नाही. ती नव्हती म्हणूनच पॅरिसमधील समता समुद्र ओलांडताना रंगापाशी अडली. बुद्धाने शिकविलेली मैत्री कोणाच्याही जन्मापाशी थांबत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी या तिन्ही तत्त्वांना एकमेकांपासून तोडता येणार नाही असे बजावले, त्यामागे हीच जाण होती.

तूसाँनेही मुक्त झालेल्या मजुरांना लष्करी शिस्तीत पुन्हा मळ्यांवर राबावयास लावले होते. मुक्तीचा लढा लढणाराही समतेच्या वाटेवर अडखळतो, हे यातून शिकावे. आमचे माजी विद्यार्थी आज कचेऱ्यांत, कारखान्यांत, परदेशांतही मानाने उभे आहेत. घरातील मुलीचा शब्द, पोटजातीबाहेरचा विवाह, आपल्याहून मागे राहिलेल्या वस्तीतील मूल यांच्या बाबतीत 'माणूस' या शब्दाचा अर्थ आपण कोठे थांबवतो, हे प्रत्येकाने तपासावे. विचार कोणत्या देशातून आला यापेक्षा तो आपल्या दारात येऊन अडला काय, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. त्याचे उत्तर आपल्या वागण्यातून मिळेल.