सायटिका : आमचा अनुभव आणि आमची चूक



या पानावर आम्ही एरवी बेणे, खोडवा, पाचट, माती परीक्षण असल्या विषयांवर लिहितो. या खेपेला विषय कमरेचा आहे. शेतकी विभागाने दुखण्याखुपण्यावर का लिहावे असे कोणी विचारील, तर गटागटांत फिरताना हुमणीच्या जेवढ्या तक्रारी कानावर येतात तेवढ्याच कमरेच्याही येतात. कोणी म्हणतो शीर धरली, कोणी म्हणतो नस दबली, कोणी म्हणतो मणक्यात गॅप पडला. कुल्ल्यातून निघून मांडीच्या मागून पोटरीत आणि पुढे पावलात उतरणारी जी कळ, तिला डॉक्टर लोक सायटिका म्हणतात. आम्ही स्वतः ती भोगली आहे, आणि तिच्यापायी एका सभासदाचे आमच्या हातून नुकसानही झाले आहे. त्यांच्या परवानगीनेच हे लिहितो. नाव-गाव देत नाही.

आधी आमचे सांगतो. पूर्वहंगामी लागणीच्या नोंदी चालू होत्या. घनसावंगी तालुक्यात कालव्याच्या कच्च्या रस्त्याने तीन दिवस सारखी मोटारसायकल चालली होती. तिसऱ्या दिवशी एका प्लॉटवर डीएपीची गोणी ट्रॉलीतून उतरवायला हात लावला. कंबरेतून वाकलो आणि वाकलेल्या स्थितीतच बाजूला वळलो. काहीतरी कट्‌कन झाले. उसण भरली असेल म्हणून घरी आलो, तर पहाटे डाव्या पायात वीज उतरावी तशी कळ. शिंक आली तरी टाच झणझणायची. पायमोजा घालता येईना. बसणे तर सर्वांत वाईट, आणि आमची नोकरी निम्मी मोटारसायकलवर नि निम्मी खुर्चीत. रात्री खाटेचा गात धरून उभे राहायचे, थोडे चालायचे, पुन्हा पडायचे. या दुखण्यात माणूस चिडका होतो, हेही लिहून ठेवतो. घरातल्यांशी आम्ही त्या महिन्यात धड बोललो नाही.

उपाय बहुतेक सगळे झाले. तेल चोळले, विटेचा शेक घेतला, पट्टा बांधला. दवाखान्यातल्या गोळ्यांनी दोन-चार तास बरे वाटायचे. सहाव्या आठवड्यात कोणीतरी कंबर बसवणाऱ्या एका माणसाचे नाव सांगितले. गेलो. त्याने पाय ओढला, पाठीवर गुडघा टेकवला, कडकड आवाज काढला. त्यानंतर आठ-दहा दिवसांत कळ उतरली. मग काय, जो भेटेल त्याला आम्ही त्याचेच नाव सांगू लागलो.

त्यातच हे सभासद भेटले. वय पन्नाशीच्या आतले, चार एकर ऊस, माणूस कामाला वाघ. म्हणाले, "सायेब, तुमची कंबर कोणी बसवली? माझा बी पाय लई धरलाय." आम्ही खिशातल्या कागदावर पत्ता लिहून दिला. ते दोनदा जाऊन आले. दुसऱ्या खेपेनंतर पायातली कळ कमी झाली, पण पायातून चप्पल निसटू लागली. पाऊल उचलेना. बैठकीच्या जागी बधिरपणा आला आणि लघवीला उभे राहिले तर होईना. ही गोष्ट त्यांनी लाजेपोटी घरात कोणाला सांगितली नाही. शिवाय त्यांच्या तोडीची पाळी तोंडावर आली होती. टोळी फडात उतरली आणि मालक दवाखान्यात, असे नको म्हणून दहा दिवस काढले. शेवटी सूनबाईंच्या ध्यानात आले. शहरात नेले, तिथे तातडीने शस्त्रक्रिया झाली. लघवीचे पुष्कळ सुधारले. पाऊल मात्र अजून पुरते उचलत नाही. चप्पल पट्ट्याने बांधावी लागते, आणि सरी-वरंब्यातून चालणे संपले. त्यांनी आम्हाला कधी बोल लावला नाही. आम्ही मात्र तो कागद विसरू शकत नाही.

आता यात आमची चूक कोणती? कृषी पदविका घेताना पहिल्याच वर्षी शिकवतात की शेजारी बिनखताचा प्लॉट ठेवल्याशिवाय खताचा गुण सांगू नये. पाऊस चांगला झाला तर दोन्ही प्लॉट तरारतात, आणि माणूस श्रेय खताला देऊन बसतो. आयुष्यभर सभासदांना हे सांगणारे आम्ही, स्वतःच्या पायाच्या बाबतीत ते विसरलो. सायटिकाचे बहुतेक रोगी सहा ते बारा आठवड्यांत आपोआप सुधारतात. सहाव्या आठवड्यात आम्ही ज्याच्याकडे गेलो असतो, त्याला यश येणारच होते.

डॉक्टरांनीही असे शेजारी-शेजारी प्लॉट घालून पाहिले आहेत. हॉलंडमध्ये १९९९ साली १८३ रोग्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्म्यांना दोन आठवडे अंथरुणावर पडून राहायला सांगितले, निम्म्यांना जमेल तसे हिंडायला-फिरायला. दोन आठवड्यांनी पडून राहिलेल्यांत शेकडा ७० आणि हिंडणाऱ्यांत शेकडा ६५ सुधारले होते; हा फरक नसल्यातच जमा. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे शेकडा ८७. म्हणजे पडून राहून काही कमाई नाही, उलट अंग आखडते ते वेगळेच. सहन होईल तेवढे हिंडत राहावे. घरातून बांधापर्यंत, बांधावरून परत, असे थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा. आमचा तरी अनुभव असा की एका दमात मैलभर चालण्यापेक्षा हे बरे. झोपताना कुशीवर झोपून दोन गुडघ्यांत उशी घ्यावी, किंवा उताणे झोपून गुडघ्यांखाली घ्यावी. रात्र निघून जाते.

दुखणे आहे तरी काय, ते थोडे पाहू. आपल्याकडे ते जुनेच आहे. चरकसंहितेत वाताच्या ८० विकारांत गृध्रसी म्हणून त्याची गणना आहे. रोगी गिधाडासारखा लंगडत चालतो, असा त्या नावाचा अर्थ लावतात. युरोपात नेपल्सच्या कोतुन्यो नावाच्या वैद्याने १७६४ साली हे दुखणे सांध्याचे नसून शिरेचे असते, असे वेगळे करून दाखवले. पण शीर दुखते कशाने हे कळायला १९३४ साल उजाडले. बोस्टनचे मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी मणक्यातली सरकलेली चकती हे कारण पुढे मांडले.

दोन मणक्यांमध्ये गादीसारखी चकती असते. बाहेरून चिवट कडे, आत मऊ गर. कडे झिजले-चिरले की पोळी फुटून पुरण बाहेर यावे तसा गर मागे येतो आणि शिरेच्या मुळाशी टेकतो. तिथे दाब येतो आणि सूजही येते. शीर कमरेतून निघते म्हणून रोग कमरेत. पण ती पावलापर्यंत जाते म्हणून ओरड पायाची. मोटारीची वायर चाबीपाशी घासली आणि मागचा दिवा विझला, त्यातलाच प्रकार. दिलासा एवढाच की हा बाहेर आलेला गर पुष्कळदा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते.

आणि तो 'गॅप'! या शब्दाने आपल्याकडे जेवढी माणसे घाबरली तेवढी रोगाने घाबरली नसतील. मणक्यात फट पडत नाही. उलट चकती वयोमानाने सुकते आणि मधली जागा कमी होते. केस पिकतात तसेच ते. १९९४ साली अमेरिकेत कंबर न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढले, तर शेकडा ५२ जणांची एखादी तरी चकती फुगलेली निघाली. तेव्हा फोटोत काही दिसले म्हणजे तेच दुखते असे नाही. पहिल्याच आठवड्यात हजारो रुपये फोटोवर घालवण्यापेक्षा डॉक्टरांकडून पाय तपासून घ्यावा. उताणे झोपवून सरळ पाय उचलून पाहतात, टाचांवर चालवतात, चवड्यांवर चालवतात, अंगठा वर ओढायला लावतात. फोटो कधी लागेल ते त्यावरून ठरते.

औषधांचे म्हणाल तर नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्यांनी थोडा उतार पडतो, फार नाही. त्या उपाशीपोटी, महिना-महिना, मनाने घेऊ नयेत. पोटात व्रण होतात, मूत्रपिंडाला मार बसतो, आणि उन्हातान्हात घाम गाळणाऱ्याला तर जास्तच. रक्तदाब-मधुमेह असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय एकही घेऊ नये. शिरेच्या दुखण्यावर हल्ली प्रीगॅबालिन नावाची गोळी सर्रास लिहून दिली जाते. ऑस्ट्रेलियात २०९ रोग्यांवर तिचा प्रयोग होऊन २०१७ साली निष्कर्ष आला की सायटिकात ती पोकळ गोळीपेक्षा सरस ठरली नाही, चक्कर मात्र जास्त येते. मोटारसायकलवर फिरणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. चालू असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारूनच कमी करा. बाजारात बिननावाच्या पुड्या मिळतात, त्यांपासून चार हात लांब राहावे. एका पुडीत पाय मोकळा होतो तेव्हा तिच्यात स्टेरॉइड असण्याचा संभव असतो. डाग देण्याचे प्रकार अजूनही कुठे कुठे चालतात. शीर कमरेत दबलेली असताना पोटरी जाळून काय होणार? शेक, मालीश, पट्टा यांनी बरे वाटत असेल तर खुशाल करा. एवढेच की गुण आला तर पत्ता वाटत सुटू नका. पाठीवर जोर देऊन हाडे कडकडवणे मात्र पाय बधिर वा लुळा पडत असेल तर मुळीच नको.

मणक्यातल्या इंजेक्शनने काहींना काही आठवडे उसंत मिळते. शस्त्रक्रियेची सरसकट भीती बाळगू नये, घाईही करू नये. हॉलंडमध्येच २००७ साली आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दीड ते तीन महिने तीव्र कळ सोसलेले २८३ रोगी घेतले. काहींची लगेच शस्त्रक्रिया केली, बाकीच्यांना थांबवून ठेवले. लगेच केलेल्यांना आराम लवकर पडला. पण वर्षाअखेर दोन्हीकडे शेकडा ९५ जणांनी आपण बरे झालो असे सांगितले. थांबलेल्यांपैकी शेकडा ३९ जणांना मात्र पुढे शस्त्रक्रिया करावीच लागली. म्हणजे कळ असह्य असेल, तीन महिन्यांत उतार नसेल, तर करून घेण्यात शहाणपण आहे. खर्चाची काळजी असणाऱ्यांनी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ती बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी विचारावे, शिधापत्रिका सोबत न्यावी.

आता जे आम्ही त्या सभासदांना सांगायला हवे होते ते. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, घोड्यावर बसताना खोगिराला लागतो तेवढा भाग बधिर झाला, दोन्ही पाय धरले, किंवा पाऊल उचलेनासे झाले, तर ते नेहमीचे सायटिका राहिले नाही. शिरांचा सगळा जुडगाच दबला असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच, १०८ ला फोन करून मोठ्या रुग्णालयात जावे; आपल्याला जालन्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय किंवा छत्रपती संभाजीनगरची घाटी आहे. इथे दिवसांचा नव्हे, तासांचा हिशेब असतो. कळ कमी होऊन बधिरपणा वाढला तर त्याला गुण समजू नका. आमच्या सभासदांची फसगत तिथेच झाली. कमरेबरोबर ताप असेल, वजन घटत असेल, रात्री दुखणे वाढत असेल, तर मणक्याचा क्षयही पाहावा लागतो. आणि मधुमेहात दोन्ही तळपायांची आग होते ते दुखणे निराळे, त्याचे औषध निराळे.

कामाबद्दल एवढेच. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची झाली असली तरी डीएपीची ५० किलोचीच आहे. एकट्याने उचलू नये. वळायचे तर कंबरेत पिळून नव्हे, पावले टाकून वळावे. लागणीला टिपरी दाबताना तास-तास ओणवे राहण्यापेक्षा मधून उठून पाठ सरळ करावी. तोडणी कामगारांना तर आपण हे सांगायलाही लाजतो. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईला कंबर सांभाळ म्हणणार कोण? त्यांचा कोणी पाय ओढू लागला तर मुकादमाच्या भरवशावर न सोडता, ज्याच्या फडात टोळी आहे त्या सभासदाने त्यांना दवाखान्यापर्यंत न्यावे.

आणि तोडीच्या पाळीबद्दल. घरातला कर्ता माणूस अशा कारणाने दवाखान्यात असेल, तर गट कार्यालयात किंवा चिटबॉयकडे नुसता निरोप द्यावा. फडात उभे राहायला शेतकी विभागाचा माणूस आम्ही पाठवू, कोणी नसले तर आम्ही स्वतः येऊ. वजनाच्या पावत्या घरपोच होतील.