सोसलं ते सांगा, पण इथलंच

एट-एच्या फायलीत सगळ्यांत जास्त पानं पैशांची असतात आणि सगळ्यांत कमी त्रास त्यांचाच होतो. आयकर विवरणं, बँकेचे उतारे, भागधारकांचं रजिस्टर, ऑफिसचा भाडेकरार. मागितलं की लोक निमूट आणून देतात. मी उत्तर व्हर्जिनियात छोट्या कंपन्यांचे हिशेब बघते आणि त्यातल्या काहींचे हे अर्जही तयार करते. हर्नडन, शँटिली, अ‍ॅशबर्न या पट्ट्यात सरकारला सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपन्यांचं पीकच आहे. त्यातला मालक मराठी असला, तर मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत हमखास विचारतो, "ताई, आमचं एट-ए होईल का हो?"

अमेरिकेच्या लघुउद्योग कायद्यातलं कलम ८(ए) हे त्याचं मूळ. सामाजिक आणि आर्थिक दृष्ट्या मागे ठेवल्या गेलेल्या मालकाची छोटी कंपनी असेल, तर केंद्र सरकारची खाती काही कामं फक्त अशा कंपन्यांमध्येच स्पर्धा लावून देतात. ठरावीक रकमेपर्यंतचं काम तर स्पर्धेशिवाय थेट देता येतं. मान्यता देते स्मॉल बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एसबीए. मुदत नऊ वर्षं, आणि आयुष्यात एकदाच. मान्यता मिळाली म्हणजे काम मिळालं असं मात्र मुळीच नाही. काहींची नऊच्या नऊ वर्षं कोरडी जातात.

मालकाची निव्वळ मालमत्ता साडेआठ लाख डॉलरच्या आत हवी. ऐकायला कडक वाटतं, पण त्यातून राहत्या घरातला वाटा वगळतात, कंपनीतला हिस्सा वगळतात, २०२० पासून निवृत्तीची खातीही वगळतात. त्यामुळे अ‍ॅशबर्नला दहा लाखांचं घर असलेला गृहस्थ आर्थिक दृष्ट्या मागे पडलेला ठरू शकतो. मला सुरुवातीला याचं हसू यायचं. यातला ४१३ क्रमांकाचा फॉर्म नवरा-बायकोने वेगवेगळा भरायचा असतो. नवऱ्याच्या नावावर काय काय आहे, हे काही बायकांना त्याच दिवशी कळतं.

मग मालकीचा प्रश्न. किमान ५१ टक्के हिस्सा अर्जदाराचा हवा, अर्जदार अमेरिकेचा नागरिक हवा, आणि कंपनी खरोखर त्याच्या हुकमाने चालायला हवी. ठाण्याच्या एक बाई आल्या होत्या. कागदावर ५१ टक्के त्यांचे, ४९ नवऱ्याचे. पगार कोणाचा जास्त? बँकेत सही कोणाची चालते? संचालकांच्या बैठकीला नवरा आलाच नाही, तर ठराव होऊ शकतो का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" निघालं, म्हणून कंपनीची नियमावलीच बदलावी लागली. बाई म्हणाल्या, "कंपनी माझीच आहे हो. फक्त असं कोणी कधी विचारलं नव्हतं." एवढी चिकित्सा उगाच होत नाही. १९८० च्या दशकात साउथ ब्राँक्समधल्या वेडटेक या कंपनीने पोर्तो रिकन वंशाच्या संस्थापकाकडे बहुसंख्य शेअर असल्याचा देखावा करून लष्कराची कामं मिळवली होती. त्या भानगडीची झळ रेगन यांच्या जवळच्या माणसांपर्यंत पोहोचली.

राहिला 'सामाजिक' भाग. तो २०२३ पर्यंत एका चौकोनात खूण केली की संपायचा. कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, मूळ रहिवासी, आशियाई असे काही समाज सामाजिक दृष्ट्या मागे ठेवले गेलेले आहेत असं एसबीए गृहीत धरायची. १९८२ मध्ये भारतीय वंशाच्या लोकांच्या संघटनेने अर्ज केला आणि आपणही त्या यादीत गेलो. आयआयटीतून आलेला, पुण्यात पिढीजात वाडा असलेला माणूसही खूण करून मोकळा व्हायचा. १९ जुलै २०२३ रोजी टेनेसीतल्या केंद्रीय न्यायालयाने अल्टिमा सर्व्हिसेस या कंपनीच्या दाव्यात हे गृहीतकच घटनाबाह्य ठरवलं. नवे अर्ज काही आठवडे थांबले. सप्टेंबरअखेर खिडकी उघडली तेव्हा खुणेच्या जागी निबंध आला होता, आणि तो आधी मान्यता मिळालेल्या मालकांनाही लिहावा लागला. मूळ रहिवाशांच्या जमातींच्या आणि अलास्कातल्या स्थानिक महामंडळांच्या कंपन्या यातून वगळल्या होत्या.

निबंधात ढोबळ बोललेलं चालत नाही. "आम्हाला नेहमीच कमी लेखतात" या वाक्याला काडीची किंमत नाही. एकेक प्रसंग हवा. कोण, काय, कुठे, कधी, कशावरून वाटलं की भेदभाव होता, आणि त्यामुळे धंद्याचं किंवा नोकरीचं काय नुकसान झालं. आपल्या लोकांना हे फार जड जातं. "चालायचंच" म्हणून सोडून देण्यावर ज्यांची वीस वर्षं गेली, त्यांना तारीख कुठून आठवणार? मी जुन्या ईमेल उघडायला लावते, कॅलेंडर चाळायला लावते. एक गृहस्थ वैतागून म्हणाले, "ताई, हे रडगाणं मी का गाऊ?" पण त्याच बैठकीत त्यांना ते पहिलं कंत्राट आठवलं. तंत्र त्यांचं होतं आणि बैठकीला मात्र त्यांच्या हाताखालच्या गोऱ्या माणसाला पाठवा, असा निरोप आला होता. माझं मत सरळ आहे. ही पद्धत सोसणाऱ्यापेक्षा सांगता येणाऱ्याला झुकतं माप देते.

२०२३ च्या त्या हिवाळ्यात एक जण आला. मूळचा लातूर जिल्ह्यातला, औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेला, आता नेटवर्क सुरक्षेची छोटी कंपनी चालवणारा. निबंध त्याने स्वतःच लिहून आणला होता, सात पानं. गावातला पाणवठा, वर्गातली बसायची जागा, वसतिगृहाची मेस. कुठल्याही दिवाळी अंकाने ती पानं आनंदाने छापली असती. मला त्यातली जवळजवळ सगळी काढावी लागली. नियम स्वच्छ आहे: अनुभव अमेरिकन समाजातला हवा, दुसऱ्या देशातला नको.

"म्हणजे गावाकडचं धरतच नाहीत?"

"नाही."

"आणि पुण्याच्या वाड्यातल्या माणसाला इथे कोणी उच्चारावरून हसलं, तर ते धरतात?"

"धरतात. त्याने धंद्याचं नुकसान झालं असेल तर."

तत्त्व म्हणून नियमात खोट काढता येत नाही. अमेरिकेच्या तिजोरीने अमेरिकेत झालेल्या अन्यायाची भरपाई करावी, हे ठीकच. तरी समोर तो माणूस बसलेला असताना मला ते वाक्य मोठ्याने वाचवेना. महाराष्ट्रात नेमकं उलटं आहे. तिथे काय सोसलं हे कोणी विचारत नाही, कोणाच्या पोटी जन्मलात हे सिद्ध करा म्हणतात. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीपासूनच्या वास्तव्याचा पुरावा, आजोबांच्या शाळेची नोंद, कोतवाल बुकातला उतारा, मोडीत असला तर तो वाचून देणारा माणूस. मग प्रांताचा दाखला, पडताळणी समितीची वैधता. भारत सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी ४ टक्के ठेवलेत. तिथे हे कागद कामी आले असते. त्याच्याकडे दाखला आणि वैधता दोन्ही होते, लॅमिनेट केलेले. एसबीएच्या फॉर्ममध्ये त्यांना जागा नव्हती.

मग इथलं शोधायला बसलो. एक प्रसंग उच्चाराचा सापडला. दुसरा त्याने बराच वेळ सांगितला नाही. न्यू जर्सीतल्या जुन्या नोकरीत भारतीय मॅनेजरने जेवणाच्या टेबलावर आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग "कोट्यातून आलास का?" त्यानंतर बढतीच्या यादीतून त्याचं नाव गेलं ते गेलंच. हे अमेरिकेतच घडलं होतं. नियमात वंश, लिंग, अपंगत्व यांच्यापुढे "तत्सम कारणं" असं एक दार आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिअ‍ॅटल शहराने जातिभेदाला बंदी केली होती आणि ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या तसल्याच विधेयकावर गव्हर्नर न्यूसम यांनी नकाराधिकार वापरला होता. म्हणजे बाजू मांडण्यासारखी होती, पण पदरात पडेल याची खात्री नव्हती. त्याला वेगळीच धास्ती होती. ज्यांच्या हाताखाली उपकंत्राटं घ्यायची, त्या कंपन्यांमध्येही आपलेच लोक बसलेले. फाईल गोपनीय असते, हे मी पुन्हा पुन्हा सांगितलं.

शेवटी त्याने तो प्रसंग ठेवला. जात म्हणजे काय हे परक्या वाचकाला चार वाक्यांत सांगायचं होतं. मी बारा लिहिली, त्याने आठ खोडली, आणि उरलेली चार माझ्यापेक्षा चांगली होती. मग नुकसानीचा हिशेब मांडला. बुडालेली पगारवाढ, त्यामुळे न साठलेलं भांडवल, त्यामुळे लांबलेली कंपनी.

तपासणीतून शंका आल्या. जातीबद्दल एकही नाही. बायोडेटात नोकरी सोडल्याचा महिना आणि निबंधातला महिना जुळत नाही, तो दुरुस्त करून द्या, एवढंच. दिला. यथावकाश मान्यतेचं पत्र आलं आणि त्या तारखेपासून नऊ वर्षं सुरू झाली. जून २०२५ मध्ये एसबीएने या सगळ्या योजनेची झाडाझडती जाहीर केली, तेव्हा आम्ही पगारपत्रकांपासून सगळे कागद पुन्हा लावून ठेवले. आता तो एका खात्याच्या छोट्या कामासाठी बोली भरतोय. तिथे आडनाव, उच्चार, काहीच विचारलेलं नाही. तासाचा दर विचारलाय, आणि तोच अजून ठरत नाहीये.