मल्हारराव गायकवाडांविरुद्ध उभे राहिलेले वकील : ॲन्ड्र्यू स्कोबल

१८९१ चं संमतिवयाचं बिल मराठी वाचकांना माहीत असतं, टिळकांच्या विरोधामुळे. ते बिल कौन्सिलात मांडणारे सर ॲन्ड्र्यू स्कोबल त्याआधी सोळा वर्षं आपल्या बडोद्यात येऊन गेले होते, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. आले होते ते सरकारी वकील म्हणून, आणि समोर आरोपी होते खुद्द मल्हारराव महाराज.

प्रकरण थोडक्यात असं. ९ नोव्हेंबर १८७४ ला रेसिडेंट कर्नल फेअर यांनी पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट घेतले, चव बिघडलेली वाटली म्हणून उरलेलं फेकलं, तर पेल्याच्या तळाशी गाळ. तपासणीत सोमल आणि हिऱ्याची पूड निघाली. जानेवारीत महाराजांना अटक झाली आणि २३ फेब्रुवारी १८७५ ला कॅम्पात कमिशन बसलं.

स्कोबल तेव्हा मुंबईचे ॲडव्होकेट जनरल होते. लंडनमध्ये शिकलेले, वडील जॉन स्कोबल गुलामगिरीविरोधी चळवळीतले. माणूस हुशार, पण हाती आलेला पुरावा अवघड. महाराजांकडे थेट बोट दाखवणारे साक्षीदार म्हणजे स्वतः कटात सामील असल्याचं सांगणारेच: रेसिडेन्सीचा हवालदार रावजी, जमादार नरसू आणि महाराजांचे खाजगी चिटणीस दामोदरपंत. त्यांतले रावजी आणि दामोदरपंत तर माफीचं आश्वासन मिळालेले! बचावाला विलायतेहून आणलेले सार्जंट बॅलंटाईन नेमके तिथेच घुसले. रावजीच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली ती पोलीस अकबर अलीला, तीही प्रकरणानंतर दीड महिन्याने. ती तिथे ठेवली कुणी, असा त्यांचा रोख. माझ्या मते स्कोबलना या पुडीचा डाग शेवटपर्यंत पुसता आला नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हे नेहमीचं कोर्ट नव्हतंच. शिक्षा देण्याचा अधिकार कमिशनला नव्हता, फक्त व्हाइसरॉय नॉर्थब्रुक यांना अहवाल द्यायचा होता. सभासद सहा. अध्यक्ष कौच, मीड आणि मेलव्हिल या तिघा इंग्रजांना आरोप पटला. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह आणि सर दिनकरराव यांना नाही पटला. तीनास तीन!

मग सरकारने काय केलं? एप्रिलच्या जाहीरनाम्यात विषप्रयोगाचा आधारच सोडून दिला. कुप्रसिद्ध गैरवर्तन आणि राज्याचा गैरकारभार हे कारण देऊन मल्हाररावांना पदच्युत केलं. म्हणजे स्कोबल खटला जिंकले नाहीत, आणि तरी ज्यांच्या वतीने उभे होते त्यांना हवं ते मिळालं. महाराजांना मद्रासला नेण्यात आलं, तिथेच १८८२ मध्ये ते वारले. इकडे २७ मे १८७५ ला कवळाण्याचा एक शेतकऱ्याचा मुलगा दत्तक घेतला गेला, ते आपले सयाजीराव.