ऐनवेळची गोष्ट
१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा भूमिका वठवण्याचा खेळ आला, तेव्हापासून गोष्ट चालवणाऱ्या गेम मास्टरची अडचण एकच: खेळाडू ठरल्या वाटेने जात नाहीत. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यावर बेत रचावा, तर मंडळी होडी घेऊन खाडीत! अशा वेळी घटनांचा तक्ता कामी येतो. वीस बाजूंचा फासा टाकायचा. ७ पडले तर भरकटलेले गलबत, १३ ला जकातीचा कारकून. नावांची यादी आधीच लिहिलेली बरी, नाहीतर भेटेल तो नावाडी गणपतच निघतो. कोकणातल्या दशावतारी नाटकाला हे ऐनवेळी रचणे नवे नाही. तिथे लिखित संहिता नसते. प्रयोगाआधी कथानक आणि पात्रे ठरतात, संवाद रंगमंचावरच सुचतात. राक्षसाला किती वेळ गरजू द्यायचे, ते समोरचे प्रेक्षक पाहून ठरते.