माणूस ओळखून केलेली खिदमत

जळगाव-धुळ्याकडे आपल्या घरांतून ‘दादा सठिया गए’ म्हटले की विषय संपतो. पण घरची गल्ली न सापडणे, पोटच्या मुलीला ओळखू न शकणे, जुहरची नमाज होऊन गेली तरी पुन्हा वुजूला बसणे, ही डिमेन्शियाची लक्षणे असू शकतात. तो मेंदूचा आजार आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना तो आहे.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवूड यांनी १९९७ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले, की आजाराइतकेच आसपासच्यांचे वागणे रुग्णाला खचवते. फसवणे, घाई करणे, त्याच्यासमोरच तो नसल्यासारखे बोलणे. आधी माणूस पाहा, मग आजार, असे त्यांचे म्हणणे. नेदरलँड्समधील होगेवेक वसाहतीत २००९ पासून हेच चालते. पाच-पन्नास खाटांचा हॉल नाही. सहा-सात जणांचे एकेक घर. इंडोनेशियाशी नाते असलेल्यांसाठी त्यांच्या वळणाचे घर आणि जेवणही होते. आपल्यासाठी असे घर निघाले तर तिथे अजान ऐकू यावी, कळण्याची भाकरी मिळावी, आणि धुळ्यात जन्मभर माग चालवलेल्या हातांना घडी घालायला कापड मिळावे.

महाराष्ट्रात अशा निवासी सोयी मुख्यतः पुणे-मुंबईकडे. खर्च वेगळाच, पण भाषेचे काय? या आजारात पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी सुटते आणि लहानपणची राहते. आपल्या नानीची खान्देशी उर्दू तिथल्या बाईला कळणार कशी?

बिरादरी नावे ठेवते, म्हणून अनेकजण घरीच ठेवतात. सगळा भार सुनेवर. आम्हाला विचाराल तर बाहेरून कडी लावलेल्या खोलीला खिदमत म्हणता येणार नाही. नमाजेवरून वादही नको. ज्याची अक्कल-होश हरपली त्याच्यावर ती फर्ज राहत नाही. चौथ्यांदा वुजू करायचा असेल तर लोटा भरून द्या.

घरी असोत वा संस्थेत, त्यांची माहिती एका कागदावर लिहून ठेवावी: कोणत्या नावाने हाक मारल्यावर वळून पाहतात, काम काय करत, फजरला उठायची सवय, कशाला घाबरतात, अंघोळीला बाईच हवी का. वृद्धांसाठीच्या १४५६७ या मोफत हेल्पलाइनवर जवळच्या सोयींची चौकशी करता येते. संस्था पाहायला गेलात तर खोल्या नंतर बघा. हा कागद वाचणार कोण आणि रात्रपाळीच्या माणसाला सांगणार कोण, ते आधी विचारा.