परतीचा पत्ता: दोन जाळ्यांच्या सीमेवर

१९८०च्या दशकात यूयूसीपी जाळ्यातला ईमेल पत्ता म्हणजे वाटच असे. ‘क!ख!रमा’ म्हणजे आधी ‘क’ संगणक, मग ‘ख’, तिथे रमा. प्रत्येक टप्प्यावर पुढच्या वाटेतून एक नाव गळे आणि परतीच्या वाटेला एक जोडले जाई. अर्पानेट या दुसऱ्या जाळ्यावर मात्र ‘रमा@ख’ हा पत्ता कुठूनही तोच राही.

खरी पंचाईत दोन्ही जाळी जोडणाऱ्या गेटवेवर होई. ‘क!रमा@ख’ या पत्त्यात पहिला मुक्काम कोणता? अर्पानेटच्या नियमाने ‘ख’, यूयूसीपीच्या रीतीने ‘क’. म्हणून अनेक गेटवे ‘रमा%ख@गेटवे’ असे रूप वापरत. पत्र आले की गेटवे स्वतःचे नाव काढून % च्या जागी @ ठेवी. ही सोय होती, मान्य मानक नव्हे, तरी ती सर्वत्र रुजली.

पत्राला परतीचे पत्ते दोन असत: न पोहोचल्याची सूचना जाई तो वाहतुकीचा, आणि वाचक उत्तर देई तो मथळ्यातला. गेटवेने पहिलाच बदलला, तर सूचना नीट परते, पण उत्तर भरकटे. बर्कलीत एरिक ऑलमन यांनी लिहिलेल्या सेंडमेल या पत्रे पोहोचवणाऱ्या प्रोग्रॅममधले पत्त्यांचे क्लिष्ट पुनर्लेखन-नियम याच गुंत्यासाठी होते.

१९८६मध्ये डोमेन नावव्यवस्थेत एमएक्स नोंदींचे, म्हणजे एखाद्या डोमेनचे पत्र कोणत्या संगणकाकडे सोपवायचे हे सांगणाऱ्या नोंदींचे, नियम ठरले. त्यामुळे केवळ यूयूसीपीवरच्या संगणकालाही डोमेनचा पत्ता मिळू लागला आणि वाट शोधण्याचे काम पत्त्याकडून यंत्रणेकडे गेले.