महाज्वालामुखी : भीती किती, धोका किती?



ज्वालामुखी म्हणजे काय, हे आपण भूगोलात शिकलो आहोत. जमिनीच्या खूप खाली काही ठिकाणी खडक वितळतात. त्या वितळलेल्या खडकाला शिलारस म्हणतात. तो भोवतालच्या खडकापेक्षा हलका असतो, म्हणून वर चढू लागतो. त्यात वाफ आणि वायू मिसळलेले असतात. जत्रेत गोटी सोड्याची बाटली फोडली की कसा फस्सकन फेस उसळतो? तसेच खाली होते. वरचा दाब कमी झाला की आतले वायू फुगतात आणि शिलारस उसळून बाहेर पडतो.

पण काही ज्वालामुखींना 'महाज्वालामुखी' म्हणतात. ज्याच्या एका उद्रेकात १००० घन किलोमीटरपेक्षा जास्त राख-दगड बाहेर पडला, तो महाज्वालामुखी. हा आकडा डोळ्यापुढे येत नाही, म्हणून मी एक गणित केले. आपल्या पुणे जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १५,६४३ चौरस किलोमीटर आहे. १००० घन किलोमीटर राख साऱ्या जिल्ह्यावर सारखी पसरली, तर थर होईल सुमारे ६४ मीटर जाडीचा. म्हणजे वीस मजली इमारत बुडेल एवढा!

इतका माल बाहेर पडल्यावर आत पोकळी होते आणि वरची जमीन खाली बसते. म्हणून महाज्वालामुखीचा उंच डोंगर दिसत नाही, मोठा खळगा दिसतो. त्याला कॅल्डेरा म्हणतात. स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थ मोठी कढई. गुऱ्हाळावरची काहील आठवा, म्हणजे नाव लक्षात राहील.

हा लेख कशासाठी?

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीवर मोबाईलवर एक व्हिडिओ फिरला. अमेरिकेतला मोठा ज्वालामुखी आता फुटणार, सगळे जग राखेखाली जाणार, तिथली जनावरेसुद्धा पळत सुटली आहेत, असे त्यात होते. माझा धाकटा भाऊ तिसरीत आहे. तो रात्री आईला विचारायचा, "आई, आपण पळून कुठं जायचं?" चार-पाच रात्री तो धड झोपला नाही. आमच्या वर्गातली दोन मुलं तर म्हणू लागली, "जगच बुडणार, मग शिष्यवृत्तीचा अभ्यास कशाला करायचा?" आजी म्हणाली, "पोरांनो, असलं मी लहानपणापासून ऐकतेय." पण भावाचे तेवढ्याने समाधान होईना. म्हणून मी बाईंना विचारले, त्यांनी दिलेले वाचले, आणि जे कळले ते इथे लिहिले आहे.

तो अमेरिकेतला ज्वालामुखी

त्याचे नाव यलोस्टोन. तिथे १८७२ साली राष्ट्रीय उद्यान झाले. गरम पाण्याची कारंजी, उकळता चिखल, गवे आणि अस्वले पाहायला तिथे दरवर्षी लाखो माणसे जातात. तिथे तीन प्रचंड उद्रेक झाले : सुमारे २० लाख ८० हजार, १३ लाख आणि ६ लाख ३० हजार वर्षांपूर्वी. शेवटच्या उद्रेकाचा खळगा साधारण ७० किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद आहे.

व्हिडिओत म्हणतात, "तो फुटायला उशीर झालाय." जणू काही आळेफाट्याची एस.टी. यायची राहिली आहे! पण ज्वालामुखीला वेळापत्रक नसते. बरे, त्यांचेच गणित करून पाहू. पहिल्या दोन उद्रेकांमध्ये ७ लाख ८० हजार वर्षे गेली. दुसऱ्या आणि तिसऱ्यामध्ये ६ लाख ७० हजार. सरासरी आली ७ लाख २५ हजार. शेवटच्या उद्रेकाला झाली ६ लाख ३० हजार. म्हणजे त्यांच्याच हिशेबाने अजून सुमारे ९५ हजार वर्षे बाकी आहेत. मग उशीर झाला कुठे?

अमेरिकेच्या भूगर्भ खात्याने याच अंतरांवरून एक ढोबळ आकडा सांगितला आहे. एका वर्षात यलोस्टोनचा महाउद्रेक होण्याची शक्यता सुमारे ७ लाख ३० हजारांत एक. हे समजावे म्हणून मी घरी एक प्रयोग केला. ज्वारीचे हजार दाणे मोजले आणि किराणा दुकानातल्या काट्यावर तोलले. तीस ग्रॅमच्या आसपास भरले. त्या मापाने ७ लाख ३० हजार दाणे म्हणजे जवळजवळ २२ किलो ज्वारी. आता एवढ्या ज्वारीत एकच दाणा कुंकवाने लाल करून मिसळा. डोळे बांधून वर्षातून एकदाच हात घाला आणि एकच दाणा उचला. तो लाल निघेल का? निघणारच नाही असे नाही. पण त्यासाठी कोणी आज जेवण सोडील का?

दुसरी गोष्ट शिलारसाची. काकवी ओतता येते, पण गुळाची ढेप ओतता येत नाही. यलोस्टोनच्या खाली आहे ते बरेचसे ढेपेसारखे आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले, की तिथल्या वरच्या साठ्यात वितळलेला भाग १६ ते २० टक्के आहे. मोठा उद्रेक व्हायला तो ३५ ते ५० टक्के लागतो, असे शास्त्रज्ञ मानतात.

तिसरी गोष्ट पहाऱ्याची. २००१ सालापासून तिथे खास ज्वालामुखी वेधशाळा काम करते. तिथे वर्षाला दीड-दोन हजार लहान भूकंप होतात आणि सगळ्यांची नोंद होते. २००४ ते २०१० या काळात तिथली जमीन थोडी वर उचलली गेली, पुढे पुन्हा खाली बसली. झोपलेल्या माणसाची छाती वर-खाली होते, तसे हे चालते. महाउद्रेकाआधी भूकंप खूप वाढतील, जमीन जोरात फुगेल, आणि हे यंत्रांना बरेच आधी कळेल.

आणि ती पळणारी जनावरे? २०१४ साली तिथे ४.८ तीव्रतेचा भूकंप झाला, त्याच सुमारास पळणाऱ्या गव्यांचे चित्रण जगभर फिरले. उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी तेव्हाच सांगितले, की गवे ऋतूप्रमाणे चाऱ्यासाठी खाली उतरतात. आपल्याकडे मेंढपाळ मेंढरे घेऊन जातात, तेव्हा आपण जग बुडाले म्हणतो का?

यलोस्टोनमध्ये धोका मुळीच नाही, असेही नाही. २३ जुलै २०२४ रोजी तिथे जमिनीखालच्या उकळत्या पाण्याचा स्फोट झाला आणि दगड उडाले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. १९५९ साली उद्यानाच्या शेजारी मोठा भूकंप झाला, त्यात २८ माणसे गेली. तिथे जाणाऱ्याने भ्यायचे असेल तर अशा गोष्टींना.

आपल्या तालुक्यात आलेली राख

आता मी जे सांगणार आहे, ते ऐकून माझा भाऊ अंथरुणात उठून बसला! महाज्वालामुखीची राख आपल्या जुन्नर तालुक्यात आहे. बोरी गावाजवळ कुकडी नदीच्या काठी ती सापडली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात तिचा अभ्यास केला. तिथल्या मातीतच माणसाची दगडी हत्यारेही मिळाली. ही राख आली इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून. म्हणजे तीन हजार किलोमीटरहून दूरवरून, समुद्र ओलांडून!

टोबाचा शेवटचा महाउद्रेक सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी झाला. त्याच्या खळग्यात आता सुमारे १०० किलोमीटर लांबीचे सुंदर सरोवर आहे. टोबा त्याआधीही फुटला होता. म्हणून बोरीची राख शेवटच्या उद्रेकाची की त्याहून फार जुनी, यावर शास्त्रज्ञांमध्ये बरीच वर्षे वाद चालला. खरे शास्त्र असेच असते. तिथे वाद करायचा तर पुरावा आणावा लागतो.

१९९८ साली एका शास्त्रज्ञाने मत मांडले, की टोबाच्या उद्रेकाने पृथ्वी इतकी थंड झाली की मनुष्यजात जवळजवळ संपली. हे मत फार गाजले. पण पुढे लोकांनी जमीन खणून पाहिली. आंध्र प्रदेशात ज्वालापुरम येथे टोबाच्या राखेच्या थराखाली दगडी हत्यारे मिळाली आणि थराच्या वरही तशीच हत्यारे मिळाली. हे २००७ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे राख पडली, तरी माणसे पुन्हा तिथेच हत्यारे घडवीत होती. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही टोबाच्या काळात माणसे टिकून राहिली, असे २०१८ साली दिसून आले.

विचार करा. त्या माणसांजवळ ना मोबाईल, ना दवाखाना, ना धान्याचे कोठार. तरीही ती तगली.

मग खरा धोका कोणता?

महाउद्रेक कधीच होणार नाही, असे कोणी म्हणत नाही. सर्वांत अलीकडचा महाउद्रेक न्यूझीलंडमध्ये टाउपो येथे सुमारे साडेपंचवीस हजार वर्षांपूर्वी झाला. तसा पुन्हा कधीतरी कुठेतरी होईल. पण माणसाच्या आयुष्याच्या मापाने ही गोष्ट फार दूरची आहे.

त्यापेक्षा जवळचा धोका आहे तो त्याहून लहान उद्रेकांचा. १८१५ साली इंडोनेशियातला तांबोरा फुटला आणि हजारो माणसे मेली. पुढच्या वर्षी, १८१६ साली, युरोपात आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात उन्हाळाच नीट आला नाही. पिके गेली, उपासमार झाली. एवढा उद्रेक हजार वर्षांत एक-दोनदा होतो. १८८३ साली क्राकाटोआ फुटला, तेव्हा ३६ हजारांवर माणसे मेली. त्यांतली बहुतेक समुद्राच्या लाटांनी मेली.

पण १९९१ सालची फिलिपाईन्समधली गोष्ट ऐका. पिनाटुबो डोंगर एप्रिलमध्ये वाफा टाकू लागला. शास्त्रज्ञांनी यंत्रे लावली, लोकांना इशारा दिला, आणि हजारो माणसांना वेळेवर हलवले. १५ जूनला तो प्रचंड फुटला, पण हजारोंचे प्राण वाचले. त्यांना भीतीने वाचवले नाही. वेळेवर कळले आणि सांगितल्याप्रमाणे लोक हलले, म्हणून ते वाचले.

आपल्या पायाखाली काय आहे?

पालक विचारतील, शिवनेरी आणि नाणेघाट हेही लाव्हाचेच ना? हो. पण ते सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. तेव्हा जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा वाहिला आणि थरावर थर साचून सह्याद्रीचा काळा दगड झाला. पुढे आपली जमीन उत्तरेकडे सरकत गेली. ती गरम जागा आता हिंदी महासागरात रीयुनियन बेटाखाली आहे. महाराष्ट्रात आज एकही जिवंत ज्वालामुखी नाही. भारताचा जिवंत ज्वालामुखी अंदमानजवळ बॅरन बेटावर आहे, आणि तिथे माणसांची वस्ती नाही. कोयनेचा १९६७ चा आणि किल्लारीचा १९९३ चा भूकंप ज्वालामुखीमुळे झाले नव्हते.

भीती आणि काळजी

भीती आणि काळजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे उसात बिबट्या असतो. म्हणून आपण शाळा सोडली का? नाही. आपण घोळक्याने येतो, अंधारात बॅटरी घेतो, मोठ्याने बोलत चालतो, लहानांना मध्ये ठेवतो. ही झाली काळजी. आपल्या देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे मरतात, असे २००० ते २०१९ या काळाच्या अभ्यासात आढळले. साप चावल्यावर मांत्रिकाकडे न जाता तडक सरकारी दवाखान्यात नेले, तर माणूस वाचू शकतो. ज्याच्यासाठी आपण आज काही करू शकतो, त्याची काळजी आधी करावी.

शेवटी, पुन्हा असा व्हिडिओ आला तर तीन प्रश्न विचारा :

१. हे कोण सांगतो? त्याने यंत्राने मोजले आहे की नुसते ऐकले आहे?

२. केव्हा आणि किती शक्यता, याचा आकडा दिला आहे का? तो आपल्याला पडताळून पाहता येतो का?

३. हे पुढे पाठवून कोणाचे भले होणार आहे, की कोणाची झोप उडणार आहे?

पालकांना एक विनंती. लहान मुलाने असे काही विचारले तर "गप्प बस" म्हणू नका. त्याला जवळ घ्या आणि दोन मुठी ज्वारी काढून मोजायला बसवा. माझा भाऊ दोनशे दाण्यांपर्यंत आला आणि तिथेच झोपी गेला.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी